लुगड्याखेरीज

मुख्याध्यापकांनी मला बोलावून एक अंतर्देशीय पत्र टेबलावरून पुढे सरकवलं. निनावी होतं. अक्षर वळणदार, मजकूर एकाच वाक्याचा: 'आपल्या शाळेतील शास्त्राच्या बाई रोज पहाटे कुंभारमाठच्या रस्त्याने पळून जातात, याकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.'

जयराम सर भिडस्त माणूस. माझं वाचून होईपर्यंत ते खिडकीबाहेरच्या माडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, सर, रोज पळून जात असेन तर रोज परतही येत असणार, कारण पहिला तास माझाच असतो. त्यांना हसू आलं, ते त्यांनी रुमालात घेतलं. हसण्यावारी न्यायला त्यांची काही हरकत नव्हती, म्हणाले, पण अशीच एक प्रत विश्रामशेटना गेली आहे.

विश्रामशेट म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. मालवणच्या बाजारात त्यांची गूळ-तेलाची पेढी. मला त्यांची एक सही हवी होती, आणि ती एकतीस डिसेंबरच्या आत हवी होती.

हे सगळं ऑगस्टमध्ये सुरू झालं. १९८४ सालचा ऑगस्ट. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदाच झाली, ही बातमी रेडिओवर ऐकून मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली. आमचे पी.टी.चे हरिश्चंद्र सर चहा बशीत ओतत म्हणाले की परदेशातल्या बायकांचं सोडा, मुळात बाईच्या शरीराची घडणच त्यासाठी नाही. एवढं धावलं की आतले अवयव जागचे हलतात. मी विचारलं, किती हलतात? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती म्हणजे काय, हलतात. माझ्या रागाचं कारण त्यांच्याकडे आकडा नव्हता हे आहे, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी धावायला लागले. वय एकतीस, शाळेत असताना लंगडीपलीकडे काही खेळलेले नाही. पहिल्या दिवशी सव्वा किलोमीटर झालं आणि त्यात दोनदा थांबले. अंतर नक्की माहीत होतं, कारण मी ते सायकलने मोजलं होतं. चाकाच्या एका आऱ्याला चिंधी बांधायची आणि ती वर आली की एक. चाकाचा परीघ दोन मीटर तेवीस सेंटीमीटर, म्हणजे चारशे अठ्ठेचाळीस फेऱ्यांना एक किलोमीटर. तसं मोजत मालवणपासून चौके गावापर्यंत मी दर किलोमीटरला खूण केली: एक मोरी, एक फणस, एक विजेचा खांब. नोव्हेंबरात मी बारा किलोमीटर न थांबता धावत होते. आतलं काही जागचं हललेलं नव्हतं.

मग कोल्हापूरला एक क्रीडा मंडळ वीस जानेवारीला पूर्ण मॅरेथॉन घेतंय, असं पेपरात आलं. बेचाळीस किलोमीटर, एकशे पंच्याण्णव मीटर. स्त्रियांना मनाई नव्हती. मी अर्ज मागवला. त्यात सातव्या रकान्यात लिहिलं होतं की नोकरी करणाऱ्यांनी आपल्या संस्थेची ना-हरकत सही घ्यावी. जयराम सर अध्यक्षांना विचारल्याशिवाय पेनाचं टोपणही काढत नाहीत.

अंगावर काय घालायचं, हा प्रश्न पाय दुखण्यापेक्षा जास्त त्रास देत होता. बूट म्हणून मी मुलांचे पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे घेतले. बायकांना धावायचे बूट मालवणात कुणी मागितलेलेच नव्हते, आणि पुरुषांचे माझ्या पायाला होडीसारखे होत. तळ पातळ, म्हणून जुन्या स्लिपरचं रबर कापून आत बसवलं. कपडे म्हणजे कॉलेजातला सलवार-कमीज. ओढणी घेऊन मी दोन दिवस धावले. तिसऱ्या दिवशी ती घरी ठेवली. पत्र लिहिणाऱ्याला जे काही दिसलं, ते तिसऱ्या दिवसापासून दिसलं असावं.

आणखी एक त्रास होता. तो मी कुणाला सांगितला नव्हता. बाजारात जी बॉडी मिळते ती उभं राहण्यासाठी आणि बसण्यासाठी शिवलेली असते. आठ किलोमीटरनंतर पट्टे खांद्यात रुतत, खालची शिवण कातडी सोलून काढी, आणि धावताना कोपरं छातीशी आवळून धरावी लागत. आंघोळीचं पाणी अंगावर घेताना मी ओठ चावून घेत असे. मी नववीला घर्षण शिकवते. ते कमी कसं करायचं हे मुलांना फळ्यावर लिहून देते. स्वतःसाठी मला काही सुचत नव्हतं.

विश्रामशेटनी मला शाळेच्या ऑफिसात बोलावलं. पेढीवर ते मालवणीत बोलतात आणि तिथे त्यांच्याशी बोलणं सोपं असतं. त्या दिवशी ते पहिल्या वाक्यापासून शुद्ध मराठीत होते, त्यावरूनच मी काय ते समजले. ते म्हणाले, त्यांचं व्यक्तिशः काही म्हणणं नाही. व्यायाम चांगलाच. पण तो घरात करता येतो. रस्त्यावर शाळेचं नाव असतं. लोक विचारतात, ही कोण, तर सांगावं लागतं, आमच्या शाळेची बाई. आणि तो पंजाबी वेष. मी विचारलं, माझ्याकडून कोणता नियम मोडला?

"बाई, नियम नसतो तिथे संकेत असतो."

"मग तो संकेत लेखी द्या," मी म्हटलं. "तोंडी राहिला तर मला चुकीचा कळेल."

मी हे आवाज न चढवता म्हटलं होतं, तरी जयराम सरांनी डोळे मिटले. शेटना ते आव्हान वाटलं आणि ते होतंच. त्यांनी तिथल्या तिथे मजकूर सांगितला, सरांनी लिहून घेतला. सरांनी 'साडी' असं लिहिलं होतं. शेटनी कागद हातात घेऊन तो शब्द खोडला. साडी हा शब्द त्यांना सिनेमातला वाटे. त्यांनी वर स्वतःच्या हाताने घरंदाज शब्द लिहिला, आणि मग कागद टाइप झाला: 'शाळेतील शिक्षिकांनी शाळेत तसेच सार्वजनिक रस्त्यावर लुगड्याखेरीज अन्य वेष परिधान करू नये.' अर्जावरच्या सहीचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, आपलं वर्तन पाहून विचार करू.

दुसऱ्या दिवसापासून, लुगडं म्हणजे साडीच असं धरून, मी गोल साडी नेसून धावले. आज्ञा पाळायची हौस म्हणून नव्हे, परिणाम मोजायला. सलवारीत माझं एक पाऊल पंच्याऐंशी सेंटीमीटरचं पडे. साडीत ते अठ्ठावन्न झालं. बेचाळीस किलोमीटरला पन्नास हजार पावलं लागणार होती, ती त्र्याहत्तर हजारांवर गेली. पाचव्या दिवशी कुंभारमाठच्या उतारावर निऱ्यांत पाय अडकून मी आडवी झाले.

मागून सुगंधा येत होती. ती रोज सकाळी दांडीच्या किनाऱ्यावरून मासळीची पाटी घेऊन आतल्या गावांत विकायला जाते. अकरा-बारा किलोमीटर, अर्धं चालत, अर्धं धावत, कारण बांगडा उन्हाची वाट बघत नाही. डोक्यावरची पाटी तशीच ठेवून ती पाठ ताठ ठेवत गुडघ्यांत वाकली आणि मला हात दिला.

"लागला काय, बाई?"

मी नाही म्हटलं. तिने माझ्या पायांभोवतीच्या गुंत्याकडे पाहिलं.

"ह्या काय नेसलात? ह्या देवळात जावचा नेसण. हेच्यात कोण धावता काय?"

आणि ती पुढे गेली. वीस किलो डोक्यावर घेऊन ती मला मागे टाकून गेली, आणि मी रस्त्यात बसून तिच्या पायांकडे बघत राहिले. चौकड्यांचं लुगडं, मागे घट्ट काष्टा, समोरून वर खोचलेलं, गुडघे मोकळे, पोटऱ्या मोकळ्या. एकही निरी कुठे अडकत नव्हती. तिचं पाऊल किती पडतं याचा मी अंदाज घेत होते. मग मला त्या कागदावरचा शब्द आठवला.

मी उठले आणि तिच्या मागे धावले. तिला गाठायला मला जवळपास चौक्यापर्यंत जावं लागलं. हे असं मला कोण नेसवील, मी विचारलं. नेसवायला काय लागतं, ती म्हणाली, पण तुमच्यासारख्या सवय नसलेल्या बाईला ते राधाबाईकडून बेतून घ्यावं लागेल.

"शिडा शिवता ती," सुगंधा म्हणाली. "तिका सांगा, सुगंधान धाडल्यान."

राधाबाई साठीची होती. दांडीवर तिच्या दिराची, धोंडूची, शिडं शिवायची खोपी होती. गिऱ्हाइकांना नाव धोंडूचं माहीत, पण टाका राधाबाईचा. होड्यांना इंजिनं आल्यापासून वर्षाला चार-पाच शिडं येत, बाकी ताडपत्र्या. मी गेले तेव्हा ती मांडीवर जाड कापड घेऊन दाभणाने कड शिवत होती. मी तिला कागद दाखवला, वाचून दाखवला, लुगड्याचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि वेगळंच विचारलं.

"आणि खंय लागता?"

मी बूट काढून टाचेवरचा फोड दाखवला.

"ता नाय. सुगंधा सांगी होती, धावताना तू हात छातीकडे आवळून धरतंस. थय लागता मां?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, पाय दाखवायला गेले होते त्या डॉक्टरीणबाईंनीही नाही. मी दार लोटलं आणि तिला सांगितलं. एकदा सुरुवात झाल्यावर सगळंच सांगितलं: कुठे सोललंय, कितव्या किलोमीटरला, दर पावलाला वर-खाली किती, आणि पन्नास हजार पावलांना ते किती होणार. तिने आकड्यांकडे फारसं लक्ष दिलं नाही. माझ्या खांद्याची जखम बघितली, बॉडीचा पट्टा दोन बोटांत धरून ताणला आणि नाक मुरडलं.

"शीड वाऱ्यान फाटत नाय गो, बाय. फडफडता म्हणान फाटता. भरलेला शीड कसा गप ऱ्हवता." तिने पट्टा सोडला. "ह्या सगळा फडफडता."

तिने टेप वापरली नाही. एका दोरीने मापं घेतली, प्रत्येक मापाला एक गाठ. कापड म्हणून तिने जुना मांजरपाट काढला, इतकी वर्षं धुतलेला की हाताला सायीसारखा लागत होता. पट्टे चार बोटं रुंद केले आणि पाठीवर एकमेकांवरून नेले. शिवणी सगळ्या बाहेरच्या बाजूला घेतल्या. मी म्हटलं, उलट दिसेल. ती म्हणाली, बघणार कोण? शिवण आत ठेवतात ती बघणाऱ्यासाठी. खालच्या कडेला तिने शिडाला घालतात तशी दोरी घातली, पण सुताची, मऊ, आणि ती पाठीमागे ओढून बांधायची. तिसऱ्या खेपेला सगळं तयार झालं. तिने गुडघा माझ्या पाठीला लावून दोरी ओढली, गाठ मारली आणि म्हणाली, उडी मार.

मी मारली. पुन्हा मार म्हणाली. त्या बंद खोपीत, ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यांमध्ये, मी बी.एस्सी. झालेली बाई वीस-पंचवीस उड्या मारत होते आणि राधाबाई डोळे बारीक करून बघत होती. बाहेरून धोंडूने विचारलं, आत काय चाललंय.

"शीड बघतंव," ती म्हणाली.

लुगड्याचं काम सोपं निघालं. नऊवारी मी शाळेच्या तराजूवर तोलली होती. कोरडी आठशे वीस ग्रॅम, भिजल्यावर जवळजवळ दीड किलो. राधाबाईने मला न विचारता कात्री घातली आणि साडेचार वारात काष्टा बसवून तो जागच्या जागी शिवून टाकला. मला शंका आली. हे लुगडंच राहतं का?

"काष्टो आसा तर लुगडा आसा. वार मोजूक कोण येतलो?"

बुटांच्या टाचाही तिनेच मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी चौक्यापर्यंत जाऊन परत आले. बावीस किलोमीटर. हात मोकळे होते. इतके दिवस मी कोपरांनी स्वतःला धरून धावत होते, हे हात सुटल्यावर कळलं. घरी येऊन अंगावर पाणी घेतलं आणि कुठेच काही झोंबलं नाही, तेव्हा मला न्हाणीघरात उभ्या उभ्या हसू आलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पंधरा दिवस मला कुणी पाहिलंच नाही. म्हणजे पाहिलं सगळ्यांनी, पण सलवारीतली बाई रस्त्यावर जशी दिसत होती तशी काष्ट्यातली दिसत नव्हती. त्या रस्त्याने पहाटे गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून घाईने जाणाऱ्या बायका किती पिढ्या जात होत्या, आणि त्यांच्याकडे मान वळवून बघायची कुणाला गरज वाटली नव्हती. कागदाप्रमाणे पाहिलं तर आता शाळेतल्या बाकीच्या तिघी शिक्षिका, गोल साड्या नेसणाऱ्या, रोज गुन्हा करत होत्या. नियमात काय ती मीच होते, पहाटे साडेपाच ते आठ.

शेवटी कुणीतरी पांढऱ्या बुटांवरून ओळखलं. पुन्हा पत्र गेलं: 'बाई आता मासळीवालीच्या वेषात पळतात.'

तीस डिसेंबरला, रविवारी, विश्रामशेटनी मला घरी बोलावलं. जयराम सर आधीच येऊन पडवीत खुर्चीच्या कडेवर बसले होते. मी अर्ज बरोबर नेला होता, कारण दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. पोस्टाने पोचणार नव्हताच. कोल्हापूरच्या सकाळच्या गाडीने ओळखीच्या माणसाबरोबर पाठवायचं मी ठरवून ठेवलं होतं. पडवीच्या दुसऱ्या टोकाला शेटांची आई, अक्का, वाती वळत बसली होती. ऐंशी पार केलेली, कान चांगले.

शेट शुद्ध मराठीत म्हणाले की ही संस्थेची थट्टा आहे. मी त्यांना कागद दिला. त्यांनी तो वाचला. स्वतःचंच वाक्य होतं, तरी दोनदा वाचलं. लुगडं म्हणजे अर्थातच घोट्यापर्यंत, ते म्हणाले. मी म्हटलं, तसं त्यात नाही. ते म्हणाले, अभिप्रेत आहे. मी म्हटलं, अभिप्रेत असलेलं मला कळत नाही म्हणूनच मी लेखी मागितलं होतं.

"बाई, गुडघे दिसतात," ते एकदम म्हणाले. "शिक्षिकेचे गुडघे दिसतात. शोभतं का हे?"

जयराम सर फरशीकडे बघायला लागले. मी उत्तर जुळवत होते. ते द्यायची वेळ आली नाही.

"भाताच्या लावणीक सगळ्यांचे दिसत," अक्का वाती वळणं न थांबवता म्हणाली. "चिखलात काय घोट्यापर्यंत नेसान उतरा होतंव? चाळीस पावसाळे मी तसाच नेसलंय." मग तिने मान वर केली. "मगे माजा नेसण वायट होता काय रे, विश्रामा?"

शेटनी हातातल्या कागदाची घडी घातली.

"तसा नाय गो, आये," ते म्हणाले.

ते मालवणीत आले तेव्हाच मी पिशवीतून पेन काढलं. त्यांनी ते घेतलं. राग गेला नव्हता. तो जावा अशी माझी अपेक्षाही नव्हती. अर्ज गुडघ्यावर ठेवून ते म्हणाले, "सही करतंय, बाई. पण शाळेचा नाव खंय घालू नकात."

सातव्या रकान्यावर मी बोट ठेवलं. तिथे संस्थेचं पूर्ण नाव आणि शिक्का मागितला होता. नावाशिवाय सही चालत नाही, मी म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मीही बोट काढलं नाही. त्यांनी नाव लिहिलं. शिक्का जयराम सरांच्या खिशात होता. तो त्यांनी बरोबर का आणला होता, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

राधाबाई म्हणाली ती माझ्याबरोबर येणार. इतकी लांब ती कधी गेली नव्हती. शनिवारी सकाळी आम्ही एस.टी.ने निघालो, फोंडाघाटात तिला गाडी लागली, आणि घाट चढून झाल्यावर तिने विचारलं की एवढ्या वर माणसं राहतात तरी कशी. तिच्या पिशवीत दाभण, मेणाचा दोरा, मांजरपाटाचे तुकडे आणि एक बाटली होती. बाटलीत मीठ आणि गूळ घातलेलं पाणी होतं. प्रमाण मी प्रयोगशाळेत काढलं होतं. तिने त्यात घरून एक कोकम जास्त टाकलं होतं.

शर्यत राधानगरीच्या रस्त्याने एकवीस किलोमीटर जाऊन परत अशी होती. दोनशेच्या वर पुरुष होते आणि आम्ही तिघी. बाकी दोघी सांगलीच्या पोलीस, त्या पहिल्या किलोमीटरनंतर मला दिसल्या नाहीत. सुरुवातीच्या रेषेवर एकाने मला थांबवून सांगितलं की लोकनृत्याचं पथक पलीकडे आहे. मी त्याला छातीवरचा नंबर दाखवला. त्याने यादी पाहिली, मला पाहिलं, पुन्हा यादी पाहिली आणि बाजूला झाला.

जाताना सगळं हिशोबात होतं. थंडी होती, रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना ऊस. पंचविसाव्या किलोमीटरनंतर हिशोब सुटायला लागले. माझा सर्वात लांबचा सराव बत्तीसचा होता, तोही एकदाच. पाय जड होतील हे माहीत होतं. ते माझे नाहीत असं वाटायला लागेल हे कुणी सांगितलं नव्हतं.

राधाबाई एस.टी.ने पुढे येऊन एका गुऱ्हाळापाशी दगडावर बसली होती, एकतिसाव्या किलोमीटरच्या जरा पुढे. तिथल्या बायकांशी तिची ओळख झाली होती आणि तिच्या हातात काकवीची वाटी होती. मी थांबले. पाणी प्यायले. मागची दोरी थोडी सैल झाली होती, ती तिने पुन्हा गुडघा लावून ओढली.

"काय दुखता?"

"सगळा," मी म्हटलं.

"शिवलेला दुखता?"

मी क्षणभर लक्ष देऊन पाहिलं. खांदे, छाती, टाचा. "नाय."

"मगे माजा काम झाला," राधाबाई म्हणाली आणि पुन्हा दगडावर बसली. "तुजा तू बघ."

मी निघाले.

पस्तिसाव्या किलोमीटरला मागून जीप आली. मागे पडलेल्यांना गोळा करत येत होती. आत तिघे बसलेले होते, अंगावर टॉवेल घेतलेले. मंडळाच्या माणसाने बाहेर डोकावून सांगितलं, बसा बाई, एवढं झालं हेच पुष्कळ झालं. त्याच्या आवाजात खरोखरच दया होती. मी विचारलं, मी बाद झाले का? वेळेची काही मर्यादा आहे का? त्याने शेजारच्याला विचारलं. शेजारच्याने कागद काढला. मर्यादा अशी नव्हती. पण रस्ता मोकळा करायचा होता, आणि पाहुणे जेवायला थांबले होते.

"मग नाही बसत," मी म्हटलं.

नियम असा होता की जीपने शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे राहायचं. शेवटची मी होते. त्यामुळे सात किलोमीटर ती माझ्या मागे पहिल्या गिअरमध्ये आली. उसाच्या बैलगाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या. चालकाने दोनदा हॉर्न दिला, तिसऱ्यांदा कुणीतरी त्याला नको म्हटलं. आतली माणसं आधी विनोद करत होती. माझ्या वेषावर, माझ्या वेगावर, घरी स्वयंपाक कोण करतं यावर. मी मागे पाहिलं नाही. मला एवढंच माहीत होतं की एक पाऊल पडतंय आणि ते पडल्यावर दुसरं पडतंय, आणि दोन्ही माझी आहेत.

अडतिसाव्याच्या सुमाराला जीपचं मागचं फळकूट वाजलं आणि कुणीतरी खाली उतरलं. चाळिशीचा एक माणूस, बूट हातात घेऊन, अनवाणी, माझ्या डाव्या बाजूला लंगडत चालायला लागला. त्यांनी त्याचं नाव बाद म्हणून लिहिलं होतं, म्हणाला, पण बसून राहणं जमत नाही. मी मान हलवली. बोलायला हवा शिल्लक नव्हती. थोड्या वेळाने तो मागे राहिला, पण पुन्हा जीपमध्ये बसला नाही.

मैदानाच्या वळणावर आले तेव्हा माझ्या घड्याळात पाच तास सतरा मिनिटं झाली होती. मांडवातल्या खुर्च्या उचलून एकावर एक रचलेल्या होत्या. शेवटच्या रेषेवरचा कापडी फलक काढायचं काम चालू होतं. एक टोक सोडून झालं होतं आणि कापड रस्त्यावर लोंबत होतं. दुसऱ्या खांबाला शिडी लावून एक माणूस गाठ सोडवत होता. मला येताना पाहून त्याने वरूनच हात केला आणि दोन मिनिटं थांबायला सांगितलं, म्हणजे फलक खाली घेता येईल आणि मला नीट जाता येईल.

मी थांबले नाही. लोंबणारं कापड एका हाताने बाजूला केलं आणि शिडी आणि खांब यांच्या मधून पलीकडे गेले.